कधीपासून, आणि बरोबर आणखी काय बदललं?



ताडोब्याच्या दाराशी, मोहर्लीत भरलेल्या व्याख्यानात वाघ, जंगल, नाहीतर निदान रोजगार यांपैकी एखादा विषय असावा, ही अपेक्षा रास्तच. आजचा विषय चारचौघांत निघाला की माणसं खाली बघतात. एखाद्याचं लैंगिक वागणं त्याच्या ताब्यात राहत नाही, घर, पैसा, अब्रू पणाला लागली तरी थांबत नाही. अशा माणसाला नेमकं काय झालं आहे, हे ठरवायचं कसं? गावात याची उत्तरं तयार असतात. पोरगं वाया गेलं, बाईचा नाद लागला, बाहेरचं काहीतरी झालं. शहरात त्यात अलीकडे ‘सेक्स ॲडिक्शन’ या चौथ्या उत्तराची भर पडली आहे. ऐकायला ते शास्त्रीय वाटतं, पण बाकीच्या तिन्हींसारखंच तेही फक्त वागण्याकडे बघून दिलेलं असतं. माझं म्हणणं असं आहे की या वागण्याचं निदान वागण्यावरून होत नाही. ते कधी सुरू झालं आणि त्याच्याबरोबर त्या माणसात आणखी काय बदललं, यावरून होतं. म्हणूनच ‘अनावर लैंगिक वर्तन’ हे निदान सगळ्यात शेवटी करायचं असतं, बाकीच्या शक्यता तपासून झाल्यावर.

या विकाराला अधिकृत जागा मिळाली ती अगदी अलीकडे. क्राफ्ट-एबिंग या मनोविकारतज्ज्ञाने १८८६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या गाजलेल्या ग्रंथात कामवासनेच्या अतिरेकाची वर्णनं केली होती. पण तो अतिरेक हा स्वतंत्र आजार मानायचा की दुसऱ्या कशाचं लक्षण, हा वाद पुढची सव्वाशे वर्षं मिटला नाही. अमेरिकन मनोविकार संघटनेपुढे ‘हायपरसेक्शुअल डिसऑर्डर’ या नावाचा प्रस्ताव आला आणि २०१३ च्या त्यांच्या नियमावलीत तो घेतला गेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात त्याला जागा दिली. ती व्यसनांच्या गटात दिली नाही, आवेग आवरता न येण्याच्या विकारांमध्ये दिली. अटीही कडक ठेवल्या. वागणं साधारण सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ टिकलेलं हवं. त्यापायी प्रकृती, घर, कामधंदा यांकडे दुर्लक्ष होणं, थांबवण्याचे प्रयत्न वारंवार फसणं, सुख मिळेनासं झालं तरी ते चालू राहणं, यांपैकी निदान एक तरी गोष्ट हवी. आणि त्यातून खरोखरीचा त्रास किंवा नुकसान व्हायला हवं. पुढची अट सहसा कुणी वाचत नाही. हे वागणं उन्मादासारख्या दुसऱ्या मनोविकाराने, दुसऱ्या शारीरिक आजाराने किंवा एखाद्या औषधाने अधिक चांगलं उलगडत असेल, तर हे निदान लावायचं नाही. याचा अर्थ, ज्यांनी या विकाराला नाव दिलं त्यांनीच त्याला रांगेत शेवटी उभं केलं आहे.

तुमच्यातल्या गाइड मंडळींना हे लवकर पटेल. चितळाने कॉल दिला म्हणजे शिकारी जवळ आहे एवढं कळतं. वाघ आहे, बिबट आहे की रानकुत्री, हे त्या एका आवाजावरून ठरत नाही. लैंगिक वागण्यात झालेला बदल हा असाच इशारा आहे. त्याच्यामागे असलेल्यांपैकी सगळ्यात जास्त वेळा चुकवला जाणारा आजार म्हणजे बायपोलर, म्हणजे काही काळ उन्माद आणि काही काळ खिन्नता असा आळीपाळीने येणारा विकार. समजा, पंचविशीतला जिप्सी चालवणारा एक तरुण आहे. हंगाम जोरात आहे, पहाटे चारला उठणं, रात्री उशिरा परत येणं चालू आहे. मार्चअखेर त्याची झोप दोन-तीन तासांवर आली, आणि तरी तो थकत नाही. उलट आपल्याला झोपेची गरजच उरली नाही असं सांगत सुटतो. बोलणं इतकं भरभर की समोरच्याला मध्ये शब्द टाकता येत नाही. दुसरी गाडी घ्यायची म्हणून त्याने तिघांकडून उसने आणले, स्वतःचं रिसॉर्ट काढण्याच्या गोष्टी सुरू झाल्या. याच दिवसांत तो ओळखीच्या-अनोळखी बायकांना रात्री-बेरात्री फोन करू लागला, आणि चंद्रपूरला जाऊन दोन-दोन दिवस घरी आला नाही. घरात, गावात बोभाटा होतो तो फक्त या शेवटच्या गोष्टीचा. झोपेचं कुणी विचारत नाही, कारण न झोपणं हा आपल्याकडे गुन्हा नाही. पण निदानाची किल्ली झोपेतच आहे. वागणं एका ठरावीक आठवड्यापासून बदललं, त्याच्याबरोबर झोप, बोलणं, पैसा, आत्मविश्वास हे सगळं एकाच दिशेने उसळलं, आणि त्याआधी तो असा नव्हता. हे तिन्ही जुळलं की समोर लैंगिक विकार नसून उन्माद आहे, असं मानून पुढे जावं लागतं. झोपमोड हे उन्मादाचं लक्षण आहे तसंच ते त्याचं निमित्तही ठरू शकतं, त्यामुळे हंगामी कामाच्या गावात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही.

निदान चुकलं तर नुसतं नाव चुकत नाही, औषध उलटं पडतं. अनावर लैंगिक वर्तनावर समुपदेशनाबरोबर बऱ्याचदा नैराश्यावरच्या गोळ्या दिल्या जातात. त्या वासना काहीशी मंदावतात, हे त्यामागचं एक कारण. बायपोलर असलेल्या माणसाला याच गोळ्या मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या औषधाच्या आधाराशिवाय मिळाल्या तर उन्माद भडकण्याचा धोका असतो. उन्मादाला लिथियम किंवा त्या जातीची औषधं लागतात, आणि ती लागू पडली की कित्येकदा ते वागणं काही आठवड्यांत आपोआप ओसरतं. मग त्या तरुणाला ‘इच्छाशक्ती वाढव’ म्हणून महिनोन्‌महिने ऐकवलेलं सगळं वाया गेलेलं असतं. बरं, तो तरुण आता स्वतःही शरमेने खचलेला असतो, कारण उन्मादानंतर खिन्नतेचा काळ येतो आणि त्यात आधी केलेलं सगळं आठवतं. आत्महत्येचा धोका याच वळणावर वाढतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बायपोलर असलेल्या दर दहांपैकी सातांना उपचार मिळत नसल्याचं आढळलं. सर्वेक्षण झालेल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण आपल्या शिवेवरची छत्तीसगड आणि मध्य प्रदेश ही दोन्ही होती, आणि शीव ओलांडली की चित्र फार पालटत असेल असं मानायला आधार नाही.

स्त्रियांच्या बाबतीत ही चूक अधिक महाग पडते. उन्मादातला पुरुष ‘बिघडला’ म्हणून निभावतो. तशाच अवस्थेतली बाई चारित्र्यहीन ठरते, घराबाहेर काढली जाते, आणि त्या अवस्थेचा फायदा घेणारे शेजारीपाजारीच निघतात. तिच्या आजारातल्या ‘होकारा’ला होकार म्हणायचं का, हा प्रश्नसुद्धा मग कुणी विचारत नाही. लाजेपायी आजार किती खोल गाडला जातो याचा जगाला दाखला मिळाला तो आपल्याच गडचिरोलीतून. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते निष्कर्ष छापून आले. ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते, आणि त्याआधी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तो अभ्यास शरीराच्या रोगांचा होता, मनाच्या नव्हे, हे मान्य. पण लैंगिकतेशी जोडलेलं दुखणं बाई आपणहून सांगत नाही, तिला विचारावं लागतं, एवढं त्याने पक्कं केलं.

विचारायची एक जागा तर आपल्याकडे आधीच तयार आहे. बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे हा बायपोलर पहिल्यांदा उसळण्याचा किंवा परत उलटण्याचा अत्यंत जोखमीचा काळ असतो. बाळंतिणीचा तीव्र मनोविकार बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच सुरू होतो. नेमक्या याच दिवसांत आशाताई घरी जातात: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत डॉ. बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या खेड्यांत सिद्ध केली, १९९९ मध्ये तिचे निष्कर्ष जाहीर झाले आणि २०११ पासून ती देशभर आशांच्या कामात आली. बाळाचं वजन आणि तापमान घेताना आईला एवढंच विचारलं की ‘बाळ झोपल्यावर तुला झोप लागते का?’, तर फार काही मिळतं. बाळ रडलं म्हणून न झोपणारी बाई वेगळी आणि बाळ शांत निजलं असताना रात्रभर घर आवरणारी, हसणारी, भलतंसलतं बोलणारी, अंगावरच्या कपड्यांचं भान नसलेली बाई वेगळी. या दुसरीला पुजाऱ्याकडे नेण्यात गेलेला प्रत्येक दिवस तिच्या आणि बाळाच्याही जिवावरचा असतो.

आता वयाच्या दुसऱ्या टोकाकडे येऊ. आयुष्यभर सरळ वागलेला पासष्टीचा माणूस अचानक सुनेसमोर अश्लील बोलू लागतो, मोबाइलवर रात्रभर नको ते बघतो, पेन्शनचे पैसे उधळतो. ‘म्हातारपणी चळलं’ हे आपलं निदान. इथे पहिला प्रश्न विचारायचा तो औषधाच्या पाकिटाला. कंपवातावर दिल्या जाणाऱ्या प्रॅमिपेक्सोल आणि रोपिनिरोल या गोळ्या मेंदूतल्या डोपामिनच्या मार्गावर काम करतात. हाताची थरथर कमी करता करता काहींच्या बाबतीत त्या आवेगाचा लगाम सैल करतात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिका आणि कॅनडातल्या ३,०९० कंपवाताच्या रुग्णांच्या अभ्यासात १३.६ टक्के जणांत जुगार, खरेदी, खाणं किंवा लैंगिक वर्तन यांपैकी एक तरी गोष्ट हाताबाहेर गेलेली आढळली. लैंगिक वर्तनाचं प्रमाण ३.५ टक्के होतं. या गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये असे विकार १७.१ टक्क्यांना, न घेणाऱ्यांमध्ये ६.९ टक्क्यांना. ॲरिपिप्राझोल हे मनोविकारांवरचंच औषध. त्याच्याबद्दलही अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये असाच इशारा दिला. म्हणजे मनोविकारावर दिलेलं औषधच क्वचित दुसऱ्या मनोविकाराचं सोंग उभं करू शकतं. अशा वेळी डॉक्टर गोळीचं प्रमाण कमी करतात किंवा ती बदलतात आणि बहुतेक वेळा माणूस पुन्हा पहिल्यासारखा होतो. घरच्यांनी मात्र गोळी परस्पर बंद करायची नाही. एकाएकी थांबवण्याचे वेगळे धोके आहेत. औषधाचा संबंध नसेल तर मेंदूच्या पुढच्या भागाचा स्मृतिभ्रंश, गाठ, जुनी इजा यांची तपासणी हवी. चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदाच उगवलेल्या लैंगिक बेतालपणाला चारित्र्याचा प्रश्न समजणं ही माझ्या मते वैद्यकीय हयगय आहे, आणि ती शिकलेल्या घरांतही सर्रास होते.

याच्या उलट टोकाला एक मोठा गट आहे. त्याला या विकाराचं नाव नको तितक्या सहज चिकटतं, आणि ते चिकटवणारा बहुधा तो स्वतःच असतो. एक प्रकार मंत्रचळाचा, ज्याला डॉक्टर ओसीडी म्हणतात. आईबद्दल, देवाच्या मूर्तीबद्दल, लहान मुलाबद्दल किळसवाणा लैंगिक विचार मनात घुसतो. माणूस हादरतो, मुलाला उचलून घ्यायचं टाळतो, देवळात जायचं सोडतो, दिवसातून वीस वेळा स्वतःला तपासतो. त्याला त्या विचारात गोडी नसते आणि तो त्याप्रमाणे काही करतही नाही. उन्मादात माणूस करतो आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. इथे तो काहीच करत नाही आणि त्याला मरणाचं वाटतं. दुसरा प्रकार धातूचा. डॉ. न. ना. विग यांनी १९६० मध्ये ज्याचं ‘धात सिंड्रोम’ म्हणून वर्णन केलं तो: वीर्य गेलं की शक्ती गेली, या समजुतीने खंगत जाणारा तरुण. आठवड्यातून दोन-तीनदा हस्तमैथुन करतो आणि ‘मला व्यसन लागलं’ म्हणून येतो. जागतिक वर्गीकरणात याबद्दल स्पष्ट वाक्य आहे: नुसत्या नैतिक अपराधीपणापोटी होणारा त्रास हे निदान करायला पुरेसा नाही.

हे आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी सांगून झालेलं आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू होईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं आणि वाचकांच्या नेमक्या अशाच प्रश्नांना सरळ उत्तरं दिली. त्या उत्तरांबद्दल १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला ते हरले. भिंतींवरच्या गुप्तरोगाच्या जाहिराती मात्र आजतागायत कुणी हरवल्या नाहीत. आता त्या मोबाइलमध्ये शिरल्या आहेत, एवढाच फरक.

यावर पहिला आक्षेप रोखठोक आहे: हे सगळं म्हणजे व्यभिचाराला आणि अत्याचाराला दिलेलं वैद्यकीय पांघरूण नव्हे काय? पकडला गेला की प्रत्येक जण ‘मला आजार आहे’ म्हणेल. भीती खोटी नाही. म्हणूनच निदान नीट होणं अधिक गरजेचं. अनावर लैंगिक वर्तन असलेल्या माणसाला आपण काय करतो आहोत हे पुरतं कळत असतं, त्यामुळे कायद्यापुढे त्याची जबाबदारी सुटत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २२ सूट देतं ती आपल्या कृत्याचं स्वरूप किंवा ते चूक आहे हे कळण्याची क्षमताच मनोविकारामुळे गमावलेल्याला, आणि ते कोर्टात सिद्ध करावं लागतं. दुसऱ्याच्या इच्छेविरुद्ध केलेलं कृत्य, लहान मुलाशी केलेलं कृत्य हा गुन्हाच आहे. आजाराचं निदान झालं म्हणून पीडित व्यक्तीची तक्रार पातळ होत नाही. उलट ढोंग्याला उघडं पाडायचं साधनही हा कालक्रमच आहे. ज्याची झोप, हिशेब, नोकरी, बोलणं सगळं जागेवर आहे आणि बेभानपणा फक्त दुबळ्या माणसासमोर, बंद दाराआड येतो, त्याला उन्माद म्हणणं कठीण.

दुसरा आक्षेप याच्या विरुद्ध बाजूने येतो आणि तो मला अधिक वजनदार वाटतो. रक्ताची तपासणी नाही, स्कॅनमध्ये दिसत नाही. मग किती म्हणजे अति हे ठरवणारे तुम्ही कोण? मानसशास्त्राचा या बाबतीतला इतिहास लाजिरवाणा आहे. जागतिक वर्गीकरणातून समलैंगिकता आजार म्हणून वगळली गेली ती १९९० मध्ये. आपल्या भामरागडकडच्या माडिया समाजाच्या गोटुलाबद्दल, म्हणजे तरुण-तरुणींच्या एकत्र जमण्याच्या घराबद्दल, बाहेरच्या माणसांनी काय काय लिहिलं-बोललं, ते आठवलं तर ‘अति’ या शब्दाचं माप कुणाच्या हातात आहे हे कळतं. पण या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष निदानच करू नका असा नाही. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं तिसरं कलम सांगतं की समाजातल्या प्रचलित नैतिक, सांस्कृतिक, धार्मिक मूल्यांशी कुणी जुळवून घेत नाही, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. म्हणजे संख्या मोजून, जोडीदार मोजून निदान करणं कायद्यालाही मान्य नाही. मी सांगतो ती पद्धत या कलमाशी जुळते, कारण ती माणसाची तुलना गावाशी करत नाही, त्याच्या स्वतःच्या आधीच्या वागण्याशी करते. दोन वर्षांपूर्वी हा कसा होता, एवढंच ती विचारते.

तिसरा मुद्दा डॉक्टर मंडळी काढतात: दोन्ही एकत्र असू शकत नाहीत का? असू शकतात. बायपोलर आहे, दारू आहे, लहानपणी झालेल्या अत्याचाराची जखम आहे आणि त्यातच लैंगिक वागणंही हाताबाहेर आहे, अशी माणसं असतात. प्रत्यक्षात स्वच्छ एकाच खान्यात बसणारी कमीच. पण तेव्हासुद्धा क्रम बदलत नाही. आधी उन्माद शांत करायचा, दारू सुटू द्यायची, औषधं तपासायची. मनःस्थिती स्थिर असताना, काही महिन्यांनंतरही, ते वागणं तसंच सुटलेलं राहिलं तर ते स्वतंत्र निदान लिहावं आणि त्याचे स्वतंत्र उपचार, मुख्यतः दीर्घ मानसोपचार, सुरू करावेत. घाईने दोन्ही नावं एकाच दिवशी लिहिली की उपचार कशाचा लागू पडला हे पुढे कधीच कळत नाही.

शेवटचा आक्षेप इथल्या माणसाचा: मोहर्लीत मानसोपचारतज्ज्ञ आहे कुठे? नाही. तीसेक किलोमीटरवर चंद्रपूरला आहे, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. त्यापुढे नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानसची १४४१६ ही मोफत सेवाही आहे, आणि ती मराठीत बोलते. तरीही तज्ज्ञाला पंधरा मिनिटांत जे विचारायचं असतं त्याची उत्तरं रुग्णाकडे नसतात, घरच्यांकडे असतात. उन्मादातला माणूस तासभर शहाण्यासारखा बोलून डॉक्टरला चकवू शकतो; त्याची बायको किंवा भाऊ जर म्हणाला की ‘होळीपासून हा झोपलेला नाही’, तर सगळं एका वाक्यात उलगडतं. म्हणून जाताना एक कागद न्यावा. वागणं कोणत्या सणाच्या, कोणत्या कामाच्या सुमारास बदललं, तेव्हापासून झोप किती, पैशाचे व्यवहार कसे, बोलण्याचा वेग, चिडचिड, दारू-गांजा, आधी कधी असे किंवा अगदी उलट, खचलेले दिवस आले होते का, घरात, मामाकडे-काकाकडे कुणाला असं झालं होतं का, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, जडीबुटीसकट. लैंगिक वागण्याबद्दलची ओळ त्या कागदावर सातवी-आठवी आली तरी चालेल.